ताप येण्याआधीच विमान उतरलेले असते

विमानप्रवास आणि साथीचे रोग हा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: बंद जागा, दोन-तीनशे माणसे, मागच्या कुठल्यातरी ओळीत कोणीतरी खोकते आहे आणि ती हवा सगळ्यांच्या नाकात जाते आहे. ही भीती निराधार नाही. विमानात लागण झाल्याची नीट तपासलेली उदाहरणे आहेत आणि ती पुढे येतीलच. मात्र एखादी साथ एका खंडातून दुसऱ्या खंडात कशी पोहोचते हे समजून घ्यायचे असेल, तर विमानातल्या हवेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, विमानाच्या वेगाकडे पाहावे लागते. आजारी माणूस आजारी दिसू लागण्याच्या आत विमान त्याला हजारो किलोमीटर दूर नेऊन सोडते, आणि साथरोगांच्या बाबतीत बाकीचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून निर्माण होतात.

तरीही सुरुवात हवेपासूनच करू, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर असताना बाहेरची हवा अतिशय विरळ आणि थंड असते. बहुतेक प्रवासी विमानांत ती इंजिनातून दाबून घेतली जाते, त्या दाबामुळे प्रचंड तापते, मग थंड करून आत सोडली जाते. आत फिरणाऱ्या हवेपैकी साधारण निम्मी अशी ताजी असते आणि उरलेली निम्मी आतलीच, पण हेपा फिल्टरमधून गाळून आलेली असते. हा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. ही सगळी हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते, म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी एकदा. रुग्णालयातल्या संसर्गजन्य रुग्णांच्या विलगीकरण खोलीत ती तासाला बारा वेळा बदलावी असा दंडक आहे. शिवाय हवा डोक्यावरून येते आणि पायाजवळच्या फटींतून बाहेर ओढली जाते, त्यामुळे ती विमानाच्या लांबीच्या दिशेने फारशी वाहत नाही. मागच्या टोकाला खोकलेल्या माणसाची हवा पुढच्या टोकापर्यंत सगळ्यांना पुरते, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही.

पण फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधी ती हवा शेजाऱ्याच्या तोंडावरून जाते, आणि खरी अडचण तिथे आहे. खोकणाऱ्या, बोलणाऱ्या, जेवणाऱ्या माणसाच्या तोंडातून निघालेले सूक्ष्म तुषार शेजारच्या सीटपर्यंत पोहोचायला काही सेकंद पुरतात, आणि जगातला कुठलाही फिल्टर त्या काही सेकंदांत मध्ये पडू शकत नाही. म्हणून विमानातल्या बाधित प्रवाशाच्या संपर्कातली माणसे शोधताना त्याची ओळ, तिच्या पुढच्या दोन आणि मागच्या दोन ओळी आधी तपासण्याची पद्धत रूढ झाली. क्षयरोगाच्या बाबतीत प्रवास आठ तासांहून जास्त असेल तर हा शोध घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्यामागे १९९४ मधली एक घटना आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची एक रुग्ण शिकागोहून होनोलुलूला पावणेनऊ तासांच्या विमानाने गेली आणि नंतरच्या तपासणीत तिच्यापासून दोन ओळींच्या आत बसलेल्या चार जणांमध्ये लागणीच्या खुणा सापडल्या. त्याआधीच्या कमी वेळाच्या प्रवासांत तसा प्रकार ठळकपणे दिसला नव्हता. शेजार आणि वेळ, दोन्ही जुळून यावे लागले.

दोन ओळींचा हा नियम कामाचा आहे, परंतु तो निसर्गाने आखून दिलेला नाही, हे १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एअर चायनाच्या ११२ क्रमांकाच्या विमानाने दाखवले. सार्स या श्वसनाच्या गंभीर साथरोगाची लक्षणे असलेले ७२ वर्षांचे एक गृहस्थ त्यात बसले होते आणि त्यांच्याखेरीज ११९ माणसे होती. प्रवास जेमतेम तीन तासांचा होता. पुढच्या काही दिवसांत त्यांपैकी २२ जणांना सार्स झाल्याचे आढळले किंवा कळवले गेले. ज्यांच्याशी बोलून माहिती घेता आली त्या अठरा रुग्णांपैकी आठ जण त्या गृहस्थांच्या पुढच्या तीन ओळींत बसलेले होते. बाकीचे दहा इतरत्र, काही तर सात ओळी पुढे. याउलट, या विमानाबरोबरच अभ्यासल्या गेलेल्या दुसऱ्या एका विमानात लक्षणे असलेले चार रुग्ण बसले होते, आणि त्यांच्यापासून फार तर एकाला लागण झाली. कोणता रुग्ण किती विषाणू बाहेर टाकतो यात माणसामाणसांत अफाट फरक असतो, आणि तो सीटच्या नकाशावरून ओळखता येत नाही.

हवेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट प्रवाशांना सहसा माहीत नसते. वर सांगितलेली सगळी व्यवस्था चालू असते तेव्हाच उपयोगी पडते, आणि विमान जमिनीवर उभे असताना ती नेहमी पूर्ण ताकदीने चालू असतेच असे नाही. १९७७ च्या मार्चमध्ये अलास्कातल्या होमर या गावी एका जेट विमानाचे उड्डाण इंजिनातल्या बिघाडामुळे रखडले. विमानात ५४ माणसे होती, त्यांतल्या एका प्रवाशाला इन्फ्लूएन्झा झालेला होता, आणि बहुतेक प्रवासी तीन तास आतच बसून राहिले. त्या वेळात हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले, आणि जो जितका जास्त वेळ आत बसला होता त्याला लागण होण्याचे प्रमाण तितके जास्त निघाले. त्रेचाळीस वर्षांनंतर, सप्टेंबर २०२० मध्ये दुबईहून ऑकलंडला गेलेल्या विमानातले सात प्रवासी न्यूझीलंडच्या सक्तीच्या विलगीकरणात कोविडबाधित आढळले. ते आसपासच्या ओळींत बसले होते, निघण्यापूर्वी त्यांच्यातल्या पाच जणांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या होत्या, आणि विषाणूंचा जनुकीय क्रम तपासल्यावर सहा जणांचे विषाणू अगदी सारखे, तर सातव्याचा केवळ एका बदलाने वेगळा निघाला. हे विमान वाटेत क्वालालंपूरला इंधन भरायला थांबले तेव्हा सुमारे अर्धा तास त्याची हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. लागण नेमकी त्याच अर्ध्या तासात झाली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण प्रवास अठरा तासांचा होता. पण विमान धावपट्टीजवळ तासभर ताटकळत असेल, आत उकडायला लागले असेल आणि डोक्यावरच्या झोतातून वारा येत नसेल, तर मास्क वर ओढून घेण्याची खरी वेळ ती असते.

आता वेगाकडे येऊ. मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई १० जून १९१८ रोजी तापाने रुग्णालयात दाखल झाले, आणि त्या वर्षीच्या इन्फ्लूएन्झाच्या महाभयंकर साथीची मुंबईतली पहिली नोंद ती मानली जाते. हा आजार बोटीने आला होता. त्या काळी इंग्लंडहून मुंबईला यायला आगबोटीला दोन-तीन आठवडे लागत. एवढ्या काळात बोटीवर कोणाला लागण झालेली असेल तर ती बंदर येण्याआधी उघड होई: कोणी बरे झालेले असे, कोणी दगावलेले असे, कोणी तापाने फणफणलेले असे, आणि बंदरावरच्या डॉक्टरांना निदान डोळ्यांना दिसण्यासारखे काहीतरी समोर असे. बोटी बंदराबाहेर थांबवून ठेवण्याची पद्धत त्यामुळेच अर्थपूर्ण होती. त्याच साथीत अमेरिकन समोआ बेटांवर बोटी कडकपणे अडवल्या गेल्या आणि तिथे या आजाराने एकही मृत्यू झाला नाही, तर शेजारच्या पश्चिम समोआत एक बोट बंदराला लागू दिली आणि सुमारे एक पंचमांश लोक मेले.

विमानाने हा आधारच काढून घेतला. आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांपासून मुंबई दीड दिवसाच्या आत आहे. दुसरीकडे, लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ मात्र शरीर ठरवते आणि तो कोणत्याही तंत्रज्ञानाने बदललेला नाही. इन्फ्लूएन्झात हा काळ एक ते चार दिवसांचा असतो, सार्समध्ये दोन ते सात दिवसांचा, सुरुवातीच्या कोविडमध्ये सरासरी पाच दिवसांचा, गोवरात दहा दिवसांच्या पुढे, आणि क्षयात तर महिने किंवा वर्षे. म्हणजे आदल्या दिवशी लागण झालेला प्रवासी विमानात चढताना ठणठणीत असतो, उतरताना ठणठणीत असतो, घरी जाऊन नातवंडांना उचलून घेतो, आणि त्याला पहिली कणकण जाणवते तेव्हा बॅगा रिकाम्या होऊन माळ्यावर गेलेल्या असतात. महाराष्ट्रातले कोविडचे पहिले नोंदवलेले रुग्ण म्हणजे पुण्यातले एक जोडपे. ते १ मार्च २०२० रोजी दुबईहून मुंबईत उतरले, टॅक्सीने पुण्याला गेले, आणि ९ मार्चला त्यांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, टॅक्सीचालक आणि विमानातला एक सहप्रवासी यांचेही अहवाल पॉझिटिव्ह आले. या साखळीत विमानाचा भाग काही तासांचा आहे; टॅक्सी आणि घर हेही तिचे तितकेच महत्त्वाचे भाग आहेत, आणि यात त्या कुटुंबाचा काहीही दोष नव्हता.

वेगामुळे अंतराचा अर्थही बदलला आहे. डोंगरापलीकडच्या ज्या गावाला थेट एसटी नाही ते गाव आपल्याला दीडशे किलोमीटरवरच्या पुण्याहून लांब वाटते. रोगाच्या दृष्टीने जगाचा नकाशा तसाच आहे. डर्क ब्रॉकमन आणि डर्क हेल्बिंग या संशोधकांनी २०१३ मध्ये हे गणिताने मांडले. दोन शहरांमधले किलोमीटर बाजूला ठेवून त्यांच्यात किती प्रवासी विमानाने ये-जा करतात यावरून अंतर मोजले, तर सार्स आणि २००९ चा स्वाइन फ्लू कुठे केव्हा पोहोचला याचा क्रम बराच स्पष्ट होतो, असे त्यांना दिसले. स्वाइन फ्लूचा उगम मेक्सिकोत झाला. २००८ च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथून विमानाने गेलेल्या प्रवाशांचा हिशोब केला तेव्हा साडेतेवीस लाख माणसे १६४ देशांतल्या १,०१८ शहरांत गेल्याचे आढळले, आणि पुढच्या वर्षी तो आजार मुख्यतः याच वाटांनी बाहेर पडला. एप्रिलमध्ये जगाला माहीत झालेल्या त्या आजाराने भारतातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. ती शाळकरी मुलगी होती.

असे असेल तर विमानतळावरच तपासणी का करू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि तपासणी केली जातेही. कपाळाकडे रोखलेली तापमापी आणि पडद्यावर माणसाचे तापमान रंगांत दाखवणारे थर्मल कॅमेरे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण हा कॅमेरा ताप ओळखतो, लागण नव्हे. आणि ज्याला अजून ताप आलेलाच नाही, किंवा ज्याने चढण्यापूर्वी पॅरासिटामॉल घेतली आहे, तो त्याच्यासमोरून सहज निघून जातो. सार्सच्या वेळी कॅनडाने आपल्या विमानतळांवर अंदाजे ६५ लाख वेळा प्रवाशांची तपासणी केली, त्यांतून सुमारे ९,१०० जणांना पुढील तपासणीसाठी बाजूला काढले, आणि त्यांत सार्सचा एकही रुग्ण निघाला नाही. तरीही मी या तपासणीला निव्वळ देखावा म्हणणार नाही. उतरणाऱ्या माणसाच्या हातात माहितीचा कागद पडतो, लक्षणे दिसली तर कुठे फोन करायचा हे त्याला कळते, आणि उघडपणे आजारी असलेला माणूस कदाचित तिकीटच पुढे ढकलतो. मात्र तेवढ्यावर विसंबून साथ दाराशीच अडली असे मानणे घातक आहे.

विमाने बंद करण्याच्या उपायाचेही तसेच आहे. चीनने २३ जानेवारी २०२० रोजी वुहानची वाहतूक बंद केली, त्याचा परिणाम नंतर गणिती प्रारूपांनी तपासला गेला. चीनच्या इतर भागांत साथ तीन ते पाच दिवसच लांबली, कारण बाधित माणसे आधीच बाहेर पडलेली होती. परदेशांत जाणारे रुग्ण मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळजवळ ८० टक्क्यांनी घटले. बंदीने वेळ मिळतो, आणि त्या वेळात खाटा, चाचण्या आणि माणसे उभी केली तरच तो वेळ मिळाल्याचा उपयोग होतो. ओमायक्रॉनच्या वेळी तर तेवढाही वेळ मिळाला नाही. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी या नव्या प्रकाराची माहिती जगाला दिली आणि दोन-तीन दिवसांत अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून येणारी विमाने थांबवली. २६ नोव्हेंबरला जोहान्सबर्गहून ॲमस्टरडॅमला उतरलेल्या दोन विमानांतल्या ६२४ प्रवाशांपैकी ६१ जण कोविडबाधित निघाले, त्यांतल्या काहींत ओमायक्रॉन होता. पण नेदरलंड्समध्येच १९ नोव्हेंबरला घेतलेल्या एका नमुन्यातही तो आधीच होता, हे नंतर उघड झाले. महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण डोंबिवलीचा. केप टाउनहून दुबई आणि दिल्लीमार्गे तो मुंबईला आला होता, आणि दिल्लीला उतरला तो दिवस २४ नोव्हेंबरच होता. ज्या देशाच्या शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे आणि तत्परतेने जगाला सावध केले, त्याच देशाचा प्रवास आणि व्यापार आधी तोडला गेला, ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते. अशा वागणुकीतून पुढच्या वेळी एखादा देश बोलायला कचरला, तर त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागेल.

विमानातून माणसांखेरीज डासही प्रवास करतात, हे थोडक्यात सांगायला हवे. १९९४ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या विमानतळ परिसरात कधीही आफ्रिकेत न गेलेल्या माणसांना मलेरिया झाला, कारण विमानातून आलेले डास त्यांना चावले होते. भारताची चिंता पीतज्वराची (यलो फीव्हरची) आहे. हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, डेंग्यूवाला तोच, घरोघरी आहे. म्हणून आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वरग्रस्त देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते, २०१६ पासून आयुष्यभर चालते, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. नैरोबीला सफारीला जाणाऱ्या मंडळींनी सुट्टीच्या घाईत हे विसरू नये.

मग साथ नेमकी कुठे अडते? याचे सर्वात स्पष्ट उत्तर मला ७ मार्च २००३ या एका दिवसात दिसते. त्याच्या दोन आठवडे आधी, २१ फेब्रुवारीला, चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून आलेले एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरले. तिथे एका रात्रीत त्यांच्यापासून ज्यांना सार्सची लागण झाली ते पाहुणे विमानांनी हनोई, सिंगापूर, टोरांटो आणि व्हँकूव्हरला गेले. टोरांटोला परतलेल्या वृद्ध बाई ५ मार्चला घरीच वारल्या आणि ७ मार्चला त्यांचा मुलगा ताप आणि धाप घेऊन शहरातल्या एका रुग्णालयात गेला. तो रात्रभर आपत्कालीन विभागात, पडदे ओढलेल्या खाटांच्या रांगेत, इतर रुग्णांच्या शेजारी राहिला. ही परदेशातून आलेली नवी साथ असू शकते असे तिथे कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. त्याच ७ मार्चला, त्याच हॉटेलात राहून आलेला एक माणूस व्हँकूव्हरच्या मोठ्या रुग्णालयात दाखल झाला. त्या प्रांताच्या रोगनियंत्रण केंद्राने चीनमधल्या विचित्र न्यूमोनियाबद्दल रुग्णालयांना आधीच कळवून ठेवले होते; प्रवासाचा इतिहास विचारला गेला आणि त्या रुग्णाला तातडीने वेगळ्या खोलीत नेण्यात आले. त्याच्यापासून पुढे साथ पसरली नाही. टोरांटोत मात्र ती रुग्णालयांतून पसरत गेली आणि कॅनडात चाळीसहून अधिक माणसे दगावली. जगभरात त्या साथीचे ८,०९८ रुग्ण आणि ७७४ मृत्यू नोंदले गेले. हनोईत हा नवा आजार आहे हे सर्वांत आधी ओळखणारे जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर कार्लो उर्बानी त्या मृतांपैकीच एक होते.

म्हणूनच नव्या आजारांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणा आता प्रवाशाचा ताप मोजण्यापलीकडे गेल्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानांतल्या २ टक्के प्रवाशांचे नमुने यादृच्छिक पद्धतीने घेणे सुरू केले, ते बाधितांना अडवण्यासाठी कमी आणि कोणता नवा प्रकार येतो आहे हे कळण्यासाठी अधिक. अमेरिकेत विमानांच्या शौचालयांतले सांडपाणी तपासण्याचा प्रयोग त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विमानतळावर झाला. यात कोणाच्याही नाकात काडी घालावी लागत नाही.

आणि प्रवाशाने काय करायचे? ताप असेल तर निघू नये, हे पहिले. तिकीट बुडेल हे मान्य करूनही. गोवर आणि इन्फ्लूएन्झाच्या लसी घेतल्या आहेत का ते विशेषतः लहान मुले आणि मुलांकडे परदेशी निघालेले वडीलधारे यांच्या बाबतीत आधीच पाहावे. गर्दीच्या रांगेत, विमानात चढता-उतरताना आणि विमान उभे असताना चांगला घट्ट मास्क लावावा आणि डोक्यावरचा हवेचा झोत बंद न करता चालू ठेवावा. परतल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ताप, खोकला किंवा अंगावर पुरळ आले, तर दवाखान्यात शिरण्यापूर्वी फोनवरच सांगावे की मी अमुक देशातून, अमुक विमानतळावर थांबून, अमुक तारखेला आलो आहे. डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये, आणि डॉक्टरांनीही केसपेपरवर तापाचे आकडे लिहिण्याआधी हा प्रश्न विचारावा. तोवर बोर्डिंग पास टाकून देऊ नये: संपर्कातली माणसे शोधायची वेळ आलीच, तर आरोग्य खात्याला विमानाचा क्रमांक आणि सीटचा क्रमांक या दोनच गोष्टी आधी लागतात.